नर्सबाईंचं नळकांडं

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला भांडू नये, असा आमच्या सासूबाईंचा दंडक होता. भांडण आलंच अंगावर, तर ते पदराला गाठ मारून ठेवायचं आणि रथसप्तमी उलटली की सोडायचं. मी त्यांचीच सून. यंदा एका बाईंनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला, 'गोड बोला' म्हणाल्या आणि त्याच दमात विचारलं, "अहो, लेकीला म्हणे तुम्ही अंगणवाडीत नेलं होतं तपासायला? एवढी काय वेळ आली होती?"

आत माझी एकवीस दिवसांची नात झोपली होती. मी तिळगूळ तोंडात टाकला आणि हसले. तो तिळगूळ कडक होता म्हणून बरं, नाहीतर मी बोलले असते.

रथसप्तमी होऊन गेली. आता गाठ सोडते.

आमचं पहूर तुम्ही पाहिलेलं असणार, पण तुम्हाला ते आठवणार नाही. जळगावहून अजिंठ्याला निघालेला प्रत्येक पाहुणा आमच्याकडे चहा पितो, 'लेणी अजून किती लांब?' असं विचारतो आणि पुढे जातो. पहूर पेठ आणि पहूर कसबे अशी दोन पहूर, मधून वाघूर. ही वाघूर अजिंठ्याची लेणी बघून मग आमच्याकडे येते, त्यामुळे आम्हाला काही दाखवण्यात तिला रस उरलेला नसतो. पूर्वी पाचोरा-जामनेर ही नॅरोगेजची छोटी गाडी, म्हणजे 'पीजे', आमच्या स्टेशनात थांबायची. २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. आमचे हे म्हणत, पीजेनं बाळंतपणाला निघायचं तर सातव्यात बसावं, नवव्यात उतरायला मिळतं. ह्यांनी हायस्कुलात तीस वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे विनोदातही वेळ-वेग-अंतर असतं.

तर पीजे नसल्यामुळे आमची लेक दिवाळीनंतर मोटारीनं, अजिंठ्याचा घाट उतरून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मोटारीतून आधी जावई उतरले, मग एक निळी फाईल उतरली, मग लेक. हा क्रम मी मुद्दाम सांगते आहे. जावयांनी फाईल दोन्ही हातांनी माझ्या स्वाधीन केली आणि म्हणाले, "आई, ही जपा. हिच्यात सगळं आहे." लेक मागे आपली आपण उतरत होती.

फाईलमध्ये सगळं होतं हे खरं. रक्ताचे कागद होते, लघवीचे होते, काय खावं याचा तक्ता होता. त्या तक्त्यात आठवड्यातून दोनदा अॅव्होकाडो होतं. पहुरात अॅव्होकाडो! आमच्याकडे केळी मिळतात, मोसंबी मिळतात आणि हिवाळ्यात भरताची वांगी मिळतात. शिवाय सोनोग्राफीचे फोटो होते. आमच्या वेळी माणसाचा पहिला फोटो शाळेच्या दाखल्यावर निघायचा. आता जन्माच्या आधी अल्बम होतो. एका फोटोत नातीचं नाक दिसत होतं. ते नाक त्यांच्याकडचं, असा निकाल विहीणबाईंनी पुण्याहून फोनवर दिला. मला त्यात नाक सोडाच, बाळही दिसलं नव्हतं. पावसाळ्यात दूरदर्शन लागत नसे तेव्हा पडद्यावर जे दिसायचं ते दिसलं.

लेक म्हणाली, "तिथं दोन तास बसावं लागायचं आई, आणि आत चार मिनिटं." मास्तरांची लेक ती, घड्याळ लावून मोजलेलं.

तिसऱ्या दिवशी आशाताई आली. गावातलं कुठलं पोट कितव्या महिन्यात आहे हे आधी आशाताईच्या वहीत उमटतं, मग सासूला कळतं. ओसरीवर बसून पाणी प्यायली आणि म्हणाली, "काकू, ताईला आठवा लागला ना? उद्या अंगणवाडीत नर्सबाई येणार आहेत. घेऊन या."

आता कबूल करते. विरोध पहिला माझाच. हळदीकुंकवातल्या त्या बाईंनी जे तोंडानं विचारलं, ते मी मनात आधीच म्हणून झालं होतं. अंगणवाडी म्हणजे खिचडी, शेंबडी पोरं आणि फुकट गोळ्या. आपल्यासारख्यांनी तिथे जायचं म्हणजे रेशनच्या रांगेत पैठणी नेसून उभं राहायचं. मी म्हटलं, "अगं, तिचं सगळं पुण्याला झालंय. आणि जळगावला मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे नाव घालणार आहोत."

"घाला की. पण उद्या या," आशाताई म्हणाली. तिला 'नाही' ऐकू येत नाही. बहुधा निवड करतानाच ते तपासत असावेत.

ह्यांनी पेपरातून डोकं वर काढून विचारलं, "फुकट आहे ना? मग काय हरकत आहे?" आणि लेक म्हणाली, "जाऊ या ना आई, तेवढेच पाय मोकळे होतील." पाय मोकळे व्हायला हवेच होते. तिच्या चपला तिला होईनाशा झाल्या होत्या आणि ती घरभर बाबांच्या स्लिपर घालून फिरत होती. मला त्याची गंमत वाटत होती. गरोदर बाईचे पाय सुजतातच, असं मी तिला दिवसातून दोनदा सांगत होते. ही माझी अक्कल.

दुसऱ्या दिवशी गेलो. भिंतीवर 'अ अननसाचा'. अननस जन्मात न पाहिलेल्या पहूरच्या किती पिढ्या त्या अननसावर साक्षर झाल्या, देव जाणे. बालवाडीच्या बुटक्या खुर्च्यांवर दहा-अकरा पोटुशा बायका बसलेल्या. बसणं जमत होतं, उठताना दोघींनी तिसरीला ओढायचं, असा सहकार चालू होता. कोपऱ्यात दोरीवर चादर टाकून आडोसा केलेला आणि आत एक टेबल. लेकीच्या शेजारी एक म्हातारी सुनेला घेऊन आली होती. तिनं लेकीला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "काय व माय, पयलटकरीन का तू? भिऊ नको. ती नळी थंडी लागते पोटाले, बाकी काही नही."

ती नळी म्हणजेच आमचं नळकांडं. अॅल्युमिनियमचं, वीतभर लांब, एका टोकाला पसरट, साधारण धोत्र्याच्या फुलासारखं. पसरट तोंड बाईच्या पोटावर ठेवायचं आणि दुसऱ्या टोकाला आपला कान लावायचा. त्याला वायर नाही, बॅटरी नाही, चार्जिंग नाही. पिनार नावाच्या फ्रेंच डॉक्टरानं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला ते रूढ केलं. तेव्हापासून त्यात सुधारणा अशी फारशी झालेली नाही, कारण करण्यासारखी जागाच नाही.

नर्सबाई पंचेचाळीशीच्या. स्कुटीवरून आलेल्या, खांद्याला पिशवी. सरकारी कागदावर त्यांना 'सहाय्यकारी परिचारिका प्रसाविका' म्हणतात. यातला 'प्रसाविका' हा शब्द सगळ्यात शेवटी येतो आणि सगळ्यात आधी विसरला जातो. प्रसाविका म्हणजे सुईण हो, शिकलेली. बाईला बाळंतपणापर्यंत नीट नेऊन सोडणारी आणि तिथून सुखरूप परत आणणारी. पण सरकारनं त्या बिचारीला मैदानी मुलखात पाच हजार माणसांमागे एक उपकेंद्र या हिशेबानं वाटून टाकली, आणि मग लसी, कुटुंबनियोजन, हिवताप, शौचालयांची मोजणी, जे जे दुसऱ्या कुणाच्या पिशवीत मावलं नाही, ते ते तिच्या पिशवीत कोंबलं. रजिस्टरं वाहून तिचा एक खांदा खाली आलेला. हल्ली रजिस्टरांच्या जोडीला मोबाइलवरही तेच भरायचं असतं. म्हणजे गरोदर बाई एक, तिच्या नोंदी चार आणि तिला तपासायला वेळ उरेल तेवढा.

तो उरलेला वेळ त्या बाईनं कसा वापरला तेवढंच सांगते.

लेकीला आत घेतलं. फाईल पुढे केली तर म्हणाल्या, "बघते हं, आधी तुमच्याशी बोलते." पुण्याच्या फाईलचा असा अपमान प्रथमच होत होता. मग विचारलं, जेवण काय, झोप लागते का, बाळ हलतं का, केव्हा जास्त हलतं. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. वजन. मग स्वतःचे दोन्ही तळवे एकमेकांवर घासून गरम केले. ही एवढीशी गोष्ट, पण माझ्या घशात काहीतरी आलं. मला दोन लेकरं झाली. माझ्या पोटाला हात लावण्याआधी कुणी आपला हात गरम केल्याचं मला आठवत नाही.

मग हातांनी चाचपत लेकीला सांगू लागल्या, "हे डोकं इथं खाली. ही पाठ डावीकडे. आणि हे जे तुम्हाला रात्री टोचतं ना, ते गुडघे." लेकीनं आपला हात त्यांच्या हाताखाली सरकवला. सोनोग्राफीत तिनं बाळ सहा वेळा पाहिलं होतं. ते आपल्या अंगात कसं बसलंय, हे तिला त्या दिवशी अंगणवाडीत कळलं.

मग नळकांडं. नर्सबाईंनी कान लावला, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजलं आणि मला म्हणाल्या, "आजी, ऐकायचंय?" मला आजी म्हणणारी ती पहिली. मी वाकले. आधी माझ्याच कानातली गूंगूं. मग, लांबच्या मळ्यात रात्री डिझेलचं इंजिन चालू असावं तशी बारीक, घाईची टुकटुक. मी अंगणवाडीत, अननसाच्या समोर, उकिडव्या अवस्थेत रडले.

चादरीबाहेरून त्या म्हातारीनं विचारलंच, "नर्सबाई, नळीतून पोरगं का पोरगी कयते का व?"

"नाही हो मावशी," नर्सबाई म्हणाल्या, "एवढंच कळतं, की आत कुणीतरी घाईत आहे."

बायका हसल्या. मला मात्र हसता हसता दुसरंच आठवलं. यंत्रांबद्दल माझ्या मनात अढी असण्याचं कारण त्या म्हातारीच्या प्रश्नात आहे. २०११ च्या जनगणनेत आमच्या जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलग्यांमागे मुली निघाल्या होत्या ८४२. बाकीच्या काय केळीच्या बागेत हरवल्या? गर्भलिंगनिदानावर कायदा करणारं पहिलं राज्य आपलंच, १९८८ साली; देशाचा कायदा १९९४ चा. म्हणजे पोटात बघण्याचं यंत्र आपण आणलं जिवासाठी, आणि त्याला बघायला लावलं भलतंच. आज प्रत्येक सोनोग्राफीवाल्याच्या दारावर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' अशी पाटी असते. नर्सबाईंच्या नळकांड्याला तशी पाटी लावावी लागत नाही.

यंत्र वाईट, असं मी म्हणत नाही. पुढचं ऐका.

तपासणी संपली असं मला वाटलं तेव्हा नर्सबाईंनी लेकीच्या पायातल्या बाबांच्या स्लिपर पाहिल्या. खाली बसल्या. नडगीवर अंगठा दाबला आणि काढला. अंगठ्याचा खड्डा तसाच राहिला. कणकेच्या गोळ्यावर बोट दाबावं तसा. मग हाताची बोटं पाहिली. अंगठी निघत नव्हती. "डोकं दुखतं का? डोळ्यांपुढे चमकल्यासारखं? इथे, छातीच्या खाली, दुखतं?" लेक म्हणाली, डोकं दोन दिवस दुखतंय, प्रवासानं असेल. रक्तदाब घेतला. डाव्या कुशीवर निजवलं. पाऊण तास इतर बायकांचं पाहिलं आणि पुन्हा घेतला. १४४ आणि ९४. लघवीत पट्टी बुडवली. पट्टीचा रंग बदलला. आता त्यांनी निळी फाईल मागितली.

फाईलमध्ये रक्तदाब होता की! सहा भेटी, सहाही वेळा ११० आणि ७०. नर्सबाईंनी विचारलं, "हे दर वेळी मोजलं होतं?" लेक जरा आठवून म्हणाली, "आधी मोजलं होतं. मागच्या दोन वेळा गर्दी होती फार. मागचंच उतरवलं असेल." पाय सुजल्याचं तिनं मोबाइलवर कळवलं होतं, त्यावर 'नॉर्मल आहे' असं उत्तर आलं होतं, पुढे अंगठ्याचं चित्र. तो अंगठा तिच्या पायावर कुणी दाबून बघितला नाही.

नर्सबाई त्यावर एक शब्द वाईट बोलल्या नाहीत. "असो. काकू, आजच्या आज जळगाव. उद्या नाही. गाडी नसेल तर मी बोलावते." फुकट म्हटल्यावर आनंदलेले आमचे हे, मोटारीची किल्ली हातात घेऊन घरभर किल्ली शोधत होते.

जळगावला पाच दिवस ठेवून घेतलं. गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब, हाच पुढे झटके आणतो आणि आई-लेकरू दोघांना नेतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेवर आणलंत. आठवडा गेला असता तर सांगता आलं नसतं." गोळ्या सुरू झाल्या. घरी आल्यावर आठवड्यातून दोनदा स्कुटी दाराशी वाजायची आणि नर्सबाई पट्टा लावून आकडा लिहून जायच्या. चहा घेत नसत. पुढच्या घरी लस होती. सदतीस आठवडे भरले आणि डॉक्टरीणबाईंनी सिझेरियन केलं. नात दोन किलो तीनशे ग्रॅम. नाक खरोखरच त्यांच्याकडचं आहे, हे मी इथे लिहून ठेवते. समोर म्हणणार नाही.

तेव्हा डॉक्टर नकोत, सुरी नको, असं म्हणणाऱ्यांत मी नाही. त्या सुरीनं मला नात दिली. माझं भांडण वेगळं आहे. अडलेल्या बाईसाठी डॉक्टर हवा, हे कुणालाही मान्य. पण ही बाई अडणार आहे, हे आधी ओळखायचं कुणी? जिला पाय दाबून बघायला वेळ आहे, तिनं. आणि नेमकी तीच आपल्या लेखी हलकी. आपण मध्यमवर्गीय लोक दवाखान्याची किंमत पायरीच्या संगमरवरावरून ठरवतो. जिथे दोन तास बसवून चार मिनिटं बघतात तो डॉक्टर मोठा, आणि जी पाऊण तासानं पुन्हा मोजते ती 'फक्त नर्स'.

ही उतरंड जुनी आहे. व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी इस्पितळात बाळंतपणाचे दोन वॉर्ड होते. एकात डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. १८४६ साली डॉक्टरांच्या वॉर्डात शंभरात अकरा बायका तापानं गेल्या. सुईणींच्या वॉर्डात तीनसुद्धा पुऱ्या नाहीत. बायका हातापाया पडत, आम्हाला सुईणींकडे घाला म्हणून. सेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टरानं कारण शोधलं. डॉक्टर मंडळी मुडदे फाडून त्याच हातांनी बाळंतिणी तपासत होती. १८४७ मध्ये त्यानं क्लोरिनच्या पाण्यानं हात धुवायला लावले आणि मरणं घटली. मोठ्या डॉक्टरांना आनंद झाला असेल, असं तुम्हाला वाटेल. त्यांना राग आला. आमच्यासारख्यांचे हात अस्वच्छ? हे आकडे मला ह्यांनी दिले. गणिताच्या मास्तरांशी संसार केल्याचा एवढाच फायदा.

आता दुसऱ्या बाजूनं आमच्या ह्यांचेच एक काका उठतात. त्यांचं म्हणणं, कशाला दवाखाने, आमच्या आईची नऊ बाळंतपणं घरात सुईणीनं केली. केली ना काका. त्यातली जगली किती? हे विचारलं की काका पानाचा डबा उघडतात. मी स्वतः १९६४ साली पेठेतल्या सुईणीच्या हातात जन्मले. ती माउली प्रेमळ होती, रात्री-अपरात्री यायची, लुगडं आणि शिधा यावर भागवायची. पण नाळ घरात सापडेल त्यानं कापायची. माझ्या पाठचा भाऊ आठव्या दिवशी धनुर्वातानं गेला. पाचव्या दिवशी सटवाईनं त्याच्या कपाळी तेवढंच लिहिलं होतं, असं सगळ्यांनी ठरवलं. सटवाई बिचारी उगाच बदनाम. आईला दिलेली सुई आणि नवं पातं एवढ्यानं तिचं लिहिलेलं पुसता येत होतं. नवजात बाळांचा धनुर्वात देशातून जवळजवळ हटला, असं जाहीर व्हायला २०१५ साल उजाडलं. ती सुई गावोगाव दिली कुणी? सुईणीनं नाही आणि काकांनीही नाही. ह्या नर्सबायांनीच.

आणि आकड्यांचंच बोलायचं तर आणखी एक घ्या. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सरकारी दवाखान्यांतल्या शंभर बाळंतपणांत चौदा सिझेरियन, खासगीत सत्तेचाळीस. म्हणजे खासगी दवाखान्याची पायरी चढताच देशातल्या बायकांची हाडं अरुंद होतात, असं तरी म्हणायला हवं. कुणी म्हणेल, तिथे अडलेल्या केसेस जास्त जातात. बरं, जात असतील काही. पण तिपटीहून जास्त? ह्यांना विचारलं तर म्हणाले, "उत्तर बरोबर येतंय, रीत चुकलेली दिसते."

यावर उपाय सरकारलाही ठाऊक आहे. २०१८ साली केंद्रानं ठरवलं की निवडक नर्सेसना आणखी अठरा महिने शिकवायचं आणि ज्यांचं सगळं सरळ आहे अशा बायकांचं गरोदरपण-बाळंतपण त्यांच्याच हाती सोपवायचं. बाईनं कळा सोसताना चालावं, बसावं, हवं तसं राहावं, हेही त्यात आहे. वाचून मला वाटलं, हे आपण कुठेतरी पाहिलंय. पाहिलंय म्हणजे काय, अर्ध्यापाऊण तासावर आहे! अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यात मायादेवी झाडाची फांदी धरून उभी आहे आणि बाळ झेलायला साक्षात इंद्र. तिला कुणी टेबलावर उताणी निजवून 'जोर लावा, जोर लावा' म्हणून ओरडलेलं नाही. दीड हजार वर्षं हे चित्र आमच्या शेजारी भिंतीवर आहे, वाघूर रोज तिथून येते, पण निरोप काही आणत नाही.

अठरा महिन्यांचं शिक्षण चांगलंच आहे. पण आधी आमच्या नर्सबाईंच्या खांद्यावरची चार रजिस्टरं तरी उतरवा. आणि आपल्यासारख्यांनीही एक करावं. आपण तिथे जात नाही, म्हणून तिथे खुर्ची नाही, पंखा नाही, आडोशाला धड पडदा नाही. ज्यांना तक्रार करता येते ते संगमरवरावर बसले आहेत. ज्या तिथे बसल्या आहेत त्यांना बुटक्या खुर्चीतून उठताच येत नाही, तक्रार कधी करणार? मी मात्र आता करते. पडद्याचं कापड मी दिलंय, आमच्या दिवाणखान्यातलं जुनं. ह्यांनी त्यावर 'फुकट' म्हणून आनंद व्यक्त केला नाही.

तर हळदीकुंकवाच्या बाई, एवढी वेळ आली होती. तुमच्या सुनेलाही पाचवा लागलाय, असं आशाताईच्या वहीत आहे. पुढची तपासणी मंगळवारी सकाळी दहाला. सुनेचं नाव मी घालून ठेवलंय. खुर्च्या फार बुटक्या आहेत, तेव्हा येताना घरून एखादा मोडा आणा. आणि दोन आणलेत तर एक त्या म्हातारीच्या सुनेला होईल.